लीड गिटार, पटदीप आणि एमिली रेम्लर

आमच्या लाईनीत पीस काढणं हे रोजचं काम. रेकॉर्ड ऐकायची, गाण्याच्या सुरुवातीला आणि दोन कडव्यांच्या मधे वाजणारा वाद्यांचा तुकडा कानाने टिपायचा आणि जसाच्या तसा बसवायचा. लग्नातला ऑर्केस्ट्रा असो, गणपतीतला असो की एप्रिलमधला जयंतीचा भीमगीतांचा कार्यक्रम असो, लीड गिटार वाजवणाऱ्याची किंमत त्यावरच ठरते. समोरच्या गर्दीला पीस तोंडपाठ असतो. एक स्वर इकडचा तिकडे झाला तर पहिल्या रांगेतलं पोरगंसुद्धा तोंड वाकडं करतं. "सेम टू सेम वाजलं बघा" ही आमच्याकडची पदवी. त्यापुढे परीक्षा नाही.

परभणीत राहून मी वर्षानुवर्षं हेच करत आले. त्यामुळे जॅझ गिटारचा एक सोलो काढायला घेतला तेव्हा कामाची रीत नवी नव्हती. नवीन होतं ते पुढचं. आमच्याकडे पीस हातात बसला की काम संपतं. या सोलोत काम तिथून सुरू झालं. ज्या बाईने मला या नादाला लावलं ती 1990 सालीच वारली. तेव्हा मी रांगत असेन.

तिचं नाव एमिली रेम्लर, अमेरिकेची जॅझ गिटारवादक. माझ्याकडे गिटार शिकायला कृषी विद्यापीठाच्या क्वार्टरमधून एक मुलगा येतो, त्याने मोबाईलवर दाखवली. म्हणाला, "ताई, ही बघा, तुमच्यासारखीच पायाने ठेका धरायलीय." हॉट लिक्स नावाच्या कंपनीने गिटार शिकवणीचे व्हिडिओ काढले होते, त्यातला एक. बाई खुर्चीवर बसून शांतपणे समजावून सांगते आणि मधूनच असं काही वाजवते की मागे घेऊन परत बघावं लागतं. मला इंग्रजी बेताचंच कळतं. पण ती काय करतेय ते बोटांवरून कळत होतं, आणि जे कळत नव्हतं तेही नेमकं कुठे आहे ते दिसत होतं.

माझं थोडं सांगते. अण्णा, म्हणजे माझे वडील, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराईत वरातीपुढे, बाकी वर्षभर शिलाई मशीनवर. सरगम मी त्यांच्याकडून शिकले, कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे तीन-चार स्वर, शिकले जालन्याला, मावशीकडे राहत असताना, चर्चमध्ये गिटार वाजवणाऱ्या एका सरांकडून. पुढे गाण्याच्या पार्टीत शिरले. भीमगीतांच्या पार्ट्यांमध्ये गाणाऱ्या बाया पुष्कळ आणि एकेक अशी की माईक बाजूला ठेवला तरी मैदान ऐकेल. वाद्यावर मात्र बाई दिसत नाही. म्हणून सूत्रसंचालक माझी ओळख नेहमी वेगळी करून देतो, "आणि लीड गिटारवर आहेत आपल्या भगिनी!" टाळ्या पडतात. अजून मी तारेला हात लावलेला नसतो. वाजवण्याआधीच्या या टाळ्यांचा मला मनापासून कंटाळा आहे.

एमिलीलाही हे चुकलं नाही. तिच्या काळात जॅझमध्ये गाणाऱ्या बाया होत्या, पियानोवर बसणाऱ्या होत्या, गिटारवर जवळजवळ कोणी नव्हतं. 1982 साली 'पीपल' मासिकाशी बोलताना तिने याचा निकालच लावला. दिसायला मी न्यू जर्सीची सालस ज्यू मुलगी असेन, पण आतून मी पन्नाशीचा, जाडजूड, वेस माँटगोमेरीसारखा मोठा अंगठा असलेला काळा माणूस आहे, अशा अर्थाचं ती बोलली. मी हे पार्टीतल्या पोरांना सांगितलं तेव्हा ढोलकीवाला म्हणाला, "मग ताई, तुम्ही आतून कोण?" मी म्हटलं, "आधी ठेका धर."

तर हा वेस माँटगोमेरी. 1923 साली इंडियानापोलिसला जन्मला, दिवसा कारखान्यात राबायचा आणि रात्री क्लबात वाजवायचा. पिक (तार छेडायची छोटी चकती) न वापरता अंगठ्याने वाजवायचा, कारण रात्री घरी सराव करताना शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये, असं सांगतात. त्याने शिक्षण कुणाकडे घेतलं? कुणाकडेच नाही. चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्ड लावल्या आणि त्यातले सोलो स्वरन्‌स्वर काढले. सुरुवातीची नोकरीसुद्धा तेच सोलो तसेच्या तसे वाजवण्याची होती. म्हणजे आमचंच काम! हे वाचलं तेव्हा मला कोण बरं वाटलं. जगात ज्याला जॅझ गिटारचा देव मानतात, तोही एकेकाळी सेम टू सेम वाजवून पोट भरत होता.

आणि चार्ली ख्रिश्चन 1939 साली बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला. गुडमन क्लॅरिनेटवाला. मी अण्णांना त्या दोघांची रेकॉर्ड ऐकवली. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. गिटारबद्दल एक अक्षर नाही. शेवटी म्हणाले, "ह्या माणसाचा दम बघ. श्वास कुठं घेतो कळू देत नाही." ख्रिश्चन 1942 साली क्षयाने गेला, पंचवीस वर्षांचा होता. एवढ्या थोड्या काळात त्याने विजेच्या गिटारला साथीतून उचलून पुढे आणलं. त्याला ऐकून वाट बदललेल्यांत एक मुलगीही होती, मेरी ऑस्बर्न. 1921 साली नॉर्थ डकोटातल्या मायनॉटला जन्मलेली. बिस्मार्क गावात तिने ख्रिश्चनला ऐकलं आणि त्याच्यासारखीच विजेची गिटार घेतली. पुढे न्यूयॉर्कला मोठमोठ्यांबरोबर वाजवलं. म्हणजे एमिली पहिली नव्हे. पण मधल्या काळात ही वाट इतकी पुसट झाली होती की प्रत्येकीला आपणच पहिल्या असं ऐकून घ्यावं लागलं.

एमिलीचा जन्म 18 सप्टेंबर 1957चा, न्यूयॉर्क शहरातला. वाढली न्यू जर्सीत. दहाव्या वर्षाच्या सुमारास गिटार हातात आली, तीही भावाची, गिब्सन ईएस-330. हीच गिटार पुढे तिने मोठ्या मंचांवर वाजवली. आधी रॉक ऐकायची, जिमी हेंड्रिक्स वगैरे. बॉस्टनच्या बर्कली कॉलेजात गेल्यावर जॅझ कानावर पडलं आणि वेस माँटगोमेरी सापडला. वेस 1968 सालीच गेलेला, तेव्हा ही दहा वर्षांची होती. तिने त्याला शिकलं ते रेकॉर्डवरूनच. विशीच्या आत बर्कली संपवून ती न्यू ऑर्लिन्सला गेली आणि गायकांच्या साथीला वाजवू लागली. नॅन्सी विल्सनसारख्या गायिकेला तिने साथ केली. तिथेच हर्ब एलिस या जुन्या गिटारवादकाने तिला ऐकलं आणि 1978 साली कॅलिफोर्नियातल्या काँकॉर्ड जॅझ फेस्टिव्हलच्या मंचावर आणलं. तेव्हा तिला एकविसावं वर्ष पुरं व्हायचं होतं.

त्याच 1978 साली मुंबईत जॅझ यात्रा सुरू झाली, हे मला नंतर कळलं. आपल्याकडे जॅझ त्याच्याही फार आधी आलेलं होतं. चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक रात्री हॉटेलांत जॅझ वाजवायचे आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसायचे. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतल्या ट्रम्पेटमध्ये ते ऐकू येतं. म्हणजे लहानपणापासून मी जे पीस ऐकले त्यांच्या पोटात जॅझ आधीपासून बसलेलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं इतकंच.

आता कामाकडे वळते.

मी निवडला 'फायरफ्लाय' या तिच्या पहिल्या अल्बममधला 'पर्क्स ब्लूज'. अल्बम 1981चा, पियानोवर हँक जोन्स. ब्लूज निवडायचं कारण सरळ, साचा छोटा असतो. चार मात्रांची बारा घरं, एकूण अठ्ठेचाळीस मात्रा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. मनात म्हटलं, अठ्ठेचाळीस मात्रांचा ताल समजायचा, झालं. पण आपल्या तालात ठेका बोलतो. 'धा' कुठे, खाली कुठे हे तबला सांगत राहतो. जॅझचा ड्रमर असं काही सांगत नाही. त्याची वरची सिंबल सलग चालू असते आणि पायाखालची हाय-हॅट (झांजांची जोडी) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटते. आपण अठ्ठेचाळीसमधल्या कितव्या मात्रेवर आहोत याचा हिशेब ज्याचा त्याने ठेवायचा. सुरुवातीला मी सोलो ऐकायचाच सोडून दिला. फक्त घरं मोजत बसायचे, स्वयंपाक करताना, भाजी निवडताना. सासूबाई म्हणाल्या, "काय मोजायलीस गं? उधारी हाय का कुणाची?"

घरं मोजता आली मग सोलो. अण्णांची शिस्त अशी की वाद्याला हात लावण्याआधी तोंडाने म्हणायचं. बँडमध्ये नवीन गाणं आलं की सगळे आधी सरगम म्हणायचे, मग वाद्यं उचलायचे. मी मोबाईलवर रेकॉर्डचा वेग निम्मा करून एकेक ओळ म्हणत गेले. 'म्हणत गेले' लिहायला सोपं आहे. तिची ओळ भलत्याच ठिकाणी सुरू होते, भलत्याच ठिकाणी संपते, आणि गळ्याने ती मानावी लागते. म्हणता आली की वहीत. भातखंडे पद्धतीने लिहायचं ठरवलं, एका मात्रेतल्या स्वरांखाली चंद्रकोर. स्वर लिहिले गेले. लय लिहिता येईना. जॅझमध्ये एका मात्रेतले दोन स्वर सारखे नसतात, पहिला लांब, दुसरा आखूड, आणि किती लांब ते वेगावर आणि माणसावर. गाणं जलद झालं की दोन्ही सारखे व्हायला लागतात. वहीत मी शेवटी "रेलून" एवढंच लिहून ठेवलं.

मग बोटं. पेटीवर एक स्वर एकाच पट्टीखाली असतो, गिटारवर तसं नाही. पहिली तार मोकळी वाजवली की जो स्वर येतो तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) आहे, तिसरीच्या नवव्यावर आणि चौथीच्या चौदाव्यावर. स्वर एक, आवाज चार. तिने कुठला घेतला? आमच्या पीसात याची कोणाला पडलेली नसते. इथे पडते, कारण पुढची ओळ हाताला सुचते ती हात कुठे आहे त्यावरून. रेकॉर्डमध्ये हात दिसत नाही. मग तिचे व्हिडिओ लावायचे, डावा हात बघायचा, तिला कुठल्या जागा आवडतात ते ओळखायचं, आणि परत रेकॉर्डकडे यायचं. जाड तारेवरचा स्वर गोलसर येतो, पातळ तारेवरचा टोकदार. हे ओळखता येऊ लागलं तेव्हा माझा कानच बदलला. आता लग्नाच्या हॉलमध्ये दुसऱ्या पार्टीचा गिटारवाला वाजवत असेल तर मी पाठमोरी बसूनही त्याची तार सांगते. याचा उपयोग काही नाही, पण सांगते.

गिटारचंही सांगायला हवं. ईएस-330 आतून पोकळ असते. ती घ्यायची माझी ऐपत नव्हती, पण तशीच पोकळ, साधी, देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन धोबी तलावच्या दुकानातून आणली. पोकळ गिटारचा फायदा असा की वीज गेली तरी ती घरात ऐकू येते, आणि आमच्याकडे वीज जाते. तोटा असा की जयंतीच्या स्टेजवर, त्या साऊंडच्या भिंतींपुढे, ती शिट्टी मारते. वरच्या छिद्रांत स्पंज कोंबावा लागतो. शिवाय आमचा उन्हाळा. मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बाहेर येऊन बोटाला लागतात. पावसाळ्यात परत आत जातात. मी आता उन्हाळ्यात पेटीत ओल्या स्पंजची डबी ठेवते, झाकणाला भोकं पाडून. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ते काही उगाच नाही. इथलं ऊन सोसलं तर गिटार कुठेही टिकेल.

सगळ्यात रंगलेला भाग पुढे आहे. व्हिडिओत ती एक नियम सांगते आणि तो मला कळायला भलताच वेळ लागला, कारण ती ज्याला जॅझ मायनर म्हणते ते मी इंग्रजी नावांनी पाठ करत होते. एका दुपारी पेटीवर ते स्वर वाजवले आणि आतून अण्णा म्हणाले, "पटदीप कामून वाजवायलीस?" तेव्हा ट्यूब पेटली. सा रे, कोमल ग, म प ध नी. फक्त गंधार कोमल, बाकी सगळे शुद्ध. पटदीपचेच स्वर! पटदीप गाणाऱ्यांनी रागावू नये, मी स्वर तेवढे घेतले, चलन नाही. आरोहात रे आणि ध वगळायचं पथ्य जॅझवाले पाळत नाहीत.

आता नियम. समजा जी सेव्हन ही कॉर्ड चालू आहे, म्हणजे पेटीवरची पांढरी पाच. ती पुढे पांढरी एकवर, म्हणजे सी वर जाऊन विसावणार असेल, तर पटदीपचा सा अर्धा स्वर वर धरायचा, काळी चारवर. अचानक सगळे वेडेवाकडे स्वर यायला लागतात. कानाला टोचतात, ओढ लागते, आणि सी वर आल्यावर सगळं एकदम सुटतं. पण तीच जी सेव्हन कुठेही न जाता नुसती थांबून राहणार असेल, तर सा पाचव्यावर धरायचा, पांढरी दोनवर. तेच सात स्वर, सा ची जागा वेगळी, आणि आता सगळं मोकळं वाटतं, एक तीव्र मध्यम तेवढा चमकून जातो. विसावायचं असेल तर काळी चारचा पटदीप, थांबायचं असेल तर पांढरी दोनचा. हे मी वहीच्या पुट्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. नंतर तिच्या सोलोत जिथे जिथे मला "हा स्वर कुठून आला" असं वाटलं होतं, तिथे पुट्ठा बघायचे. बहुतेक ठिकाणी उत्तर तिथेच होतं.

लयीसाठी तिची युक्ती आणखी साधी. मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय देणारं यंत्र, सगळ्या मात्रांवर लावायचा नाही. निम्म्या वेगावर लावायचा आणि त्याची टिक ही दुसरी आणि चौथी मात्रा समजायची. पहिली आणि तिसरी आपण आपल्या आत धरायची. आपला सगळा पिंड समेचा. टाळ्या आपण समेवर देतो, मान समेवर हलते, आणि मी तर ढोलकीच्या शेजारी उभी राहून वाढलेली. टिक ऐकली की माझा पाय तिलाच सम मानायचा आणि चार घरांत सगळं उलटं व्हायचं. कितीतरी दिवस मी गिटार न घेता नुसती चालत होते, राजगोपालाचारी उद्यानात, कानात टिक आणि पाय टिकेच्या मधे. लोक बघतात. बघू द्या. एके दिवशी पाय बसला आणि त्या दिवसापासून तिचा सोलो मला हळू ऐकू यायला लागला. वेग तोच होता. अण्णांनी तो ऐकला आणि पहिल्यांदा तिच्याबद्दल बोलले, "ही बाई घाई करत नाही."

अख्खा सोलो हातात बसला तेव्हा मी तो रेकॉर्डबरोबर वाजवून मोबाईलवर घेतला आणि जालन्याच्या सरांना पाठवला. त्यांचा फोन आला. "अगदी तिच्यासारखं झालंय," म्हणाले, "आता रेकॉर्ड बंद कर आणि वाजव." केलं. माझ्याकडे तिच्या ओळी होत्या, पण त्यांना जोडायला काही नव्हतं. आमच्या पीसात ही वेळच येत नाही, कारण पीसानंतर कडवं येतं आणि गायक पुढे होतो.

मग तिच्याच आयुष्यात शोधलं. तिने वेसला असंच काढलं होतं. पण 1981चा 'फायरफ्लाय', 1982चा 'टेक टू', 1983चा 'ट्रान्झिशन्स', 1985चा 'कॅटवॉक' असे ओळीने ऐकले तर ती त्याच्यातून हळूहळू बाहेर येताना ऐकू येते. 'कॅटवॉक'मधल्या सगळ्या रचना तिच्या स्वतःच्या. सोबत ट्रम्पेट, बेस आणि ड्रम्स, पियानो नाही. पियानो नाही म्हणजे कॉर्ड धरून ठेवणारं दुसरं कोणी नाही, गिटारला दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. त्याच 1985 साली 'डाउन बीट' मासिकाच्या आंतरराष्ट्रीय मतकौलात ती त्या वर्षाची गिटारवादक ठरली. आणि त्यानंतर, 1988 साली, ती परत वेसकडे आली, 'ईस्ट टू वेस' नावाचा अल्बम घेऊन. त्यात 'ब्लूज फॉर हर्ब' आहे, ज्याने मंचावर आणलं त्या हर्ब एलिससाठी. स्वतःचं घर बांधून झाल्यावर ती वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला आल्यासारखा तो अल्बम मला वाटतो.

याच्या अधेमधे पोटापाण्याचं होतंच. लॉस एंजेलिसमध्ये ड्यूक एलिंग्टनच्या संगीतावरच्या 'सोफिस्टिकेटेड लेडीज' या शोमध्ये ती वाजवायची, ब्राझीलच्या गायिका अॅस्ट्रुड जिल्बर्टोच्या साथीला फिरली. साथीचं काम कमी दर्जाचं, असं म्हणणाऱ्यांनी जरा बघावं, कोण कोण साथीला बसलेलं आहे ते. 1981 साली तिने जमैकाचा पियानोवादक माँटी अलेक्झांडर याच्याशी लग्न केलं, 1984 साली ते मोडलं. हेरॉइनचं व्यसन होतं. 4 मे 1990 रोजी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना सिडनीत ती गेली, हृदय बंद पडून. बत्तीस वर्षांची होती. आज मी तिच्याहून मोठी आहे.

तिच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण या शेवटापासून सुरुवात करतात, हे मला पटत नाही. व्यसन लपवावं असं मी म्हणत नाही. आमच्या लाईनीतही रात्रीची जागरणं आणि बाटली यांनी किती हात वाया गेले ते मी बघितलंय, आणि त्यात रोमँटिक काही नसतं, घरच्यांना विचारा. पण वारलेल्या पुरुष वादकाचं आधी वाजवणं सांगतात, मग व्यसन. बाईचं उलटं का?

सोलोतून बाहेर यायला मी तिचीच रीत धरली. एक ओळ घ्यायची, तिची सुरुवात ठेवायची, शेवट बदलायचा. मग शेवट ठेवायचा, सुरुवात बदलायची. मग ओळ तीच, पण एक मात्रा उशिरा. मग तीच ओळ पटदीपच्या दुसऱ्या सा वरून. कधी काहीतरी हाताला लागायचं, कधी दुपार फुकट जायची. सरांचं म्हणणं, आपल्या गाण्यात आलाप वाढवतात तसंच हे. असेल. पण आलापाच्या मागे तानपुरा थांबून राहतो, इथे जमीन चालत असते.

एप्रिलमध्ये पूर्ण्याला जयंतीचा कार्यक्रम होता. रात्रीसुद्धा अंगातून धारा. शाहीर एका गाण्याच्या मधे पाणी प्यायला मागे गेले आणि हाताने खूण केली, वाढव. अशा वेळी पीस परत परत वाजवायचा असतो. पहिल्यांदा मी तसाच वाजवला, लोकांना तो हवा असतो. दुसऱ्यांदा सुरुवात तीच ठेवली आणि शेवट एक मात्रा उशिरा नेला. ढोलकीवाल्याने माझ्याकडे मान वळवली. तिसऱ्यांदा, कॉर्ड घरी परतायच्या आधी, मी सा अर्धा स्वर वर नेला आणि ती टोचणारी ओळ घेऊन उतरले. ढोलकीवाल्याने नेमका तिथे ठेका तोडला आणि समेवर परत उचलला. त्याला मी कधी काही शिकवलेलं नाही. बॅनर धरून उभ्या असलेल्या एका आजोबांनी पन्नास रुपये पाठवले आणि माईकवर पुकारा झाला, "गिटारवाल्या ताईंना बक्षीस." भगिनी नाही, गिटारवाल्या. मला चाललं.

शाहीर मात्र खूश नव्हते. कार्यक्रम उतरल्यावर म्हणाले, "बाई, मधी काय केलंस? मला वाटलं पट्टी बदलली. मी काळी चारमधी उचलणार होतो." त्यांचंही खरं आहे. वाजवणाऱ्याने बाहेर जाऊन यायचं तर गाणाऱ्याला आधी सांगायला हवं. आता ठरलंय की कुठल्या गाण्यात वाढवायचं ते आधी सांगायचं आणि शेवटची दोन घरं मी साधा पीस वाजवायचा, म्हणजे त्यांना आपली पट्टी सापडते.

सध्या 'ईस्ट टू वेस' अल्बममधलं त्याच नावाचं गाणं काढायला घेतलंय. वेग जबरदस्त आहे आणि निम्म्या वेगावर ऐकलं तरी काही जागा निसटतात. आमच्या कीबोर्डवाल्याला कॉर्ड लिहून दिल्यात. तो म्हणतो एवढ्या कॉर्ड एका गाण्यात असतात तर लग्नाच्या अख्ख्या कार्यक्रमाला त्या पुरल्या असत्या. रविवारी दुपारी तो येतो, पंखा मोठा करतो, आणि आम्ही पहिल्या आठ घरांवरच अडून बसतो. मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्यावर लावला की अजून तो माझ्याकडे बघून विचारतो, "ताई, सम कुठाय?"